गप्प केलेला इशारा

सुमेधा पांढरीपांडे आमच्या दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये कामाला आली तोवर तिनं कापसाचं बोंड कधी हातात धरलेलं नव्हतं. यवतमाळात जन्मली, तिथंच शिकली, शहराच्या चारही बाजूंना कापूस, आणि तिचा कापसाशी संबंध काय तो फुलवातीपुरता. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काका पोस्टात. शिकून ती पुण्याला गेली आणि तिथं एका कंपनीत तिनं बरीच वर्षं ड्रायव्हर लिहिले. ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. कॅमेरा किंवा आणखी काही संगणकाला जोडलं की त्या यंत्राचं बोलणं संगणकाला समजावून देणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, तो. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण फाटकावरच्या चौकीदारानं ‘ड्रायव्हर मॅडम आल्या’ अशी आरोळी ठोकली होती आणि ती हसत हसतच ऑफिसात शिरली होती.

वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून तिनं पुणं सोडलं. यवतमाळात तिच्याजोगतं काम नव्हतं. दोन वर्षं एका क्लासात पोरांना टायपिंग आणि हिशेबाचे प्रोग्राम शिकवले. मग आमचे मालक हिरासिंग राठोड यांनी नवीन यंत्र घेतलं आणि ते सांभाळायला माणूस शोधू लागले, तेव्हा कोणीतरी हिचं नाव सुचवलं. हिरासिंगभाऊ तांड्यावर वाढलेले, शाळा अर्धवट सुटलेली, पण यंत्राचा भारी शौक. कुठल्या गावात नवीन यंत्र आलं म्हटलं की स्वतः जीप काढून बघायला जायचे.

मी त्या जिनिंगचा ग्रेडर. शेतकऱ्याची गाडी आत आली की ढिगात हात घालून मूठभर कापूस काढायचा, धागा ओढून पाहायचा, माल कुठल्या दर्जाचा ते सांगायचं. नवीन यंत्र आलं ते याच कामासाठी. कापूस रेच्यांकडं, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांकडं जातो तो लांब रबरी पट्ट्यावरून. त्या पट्ट्यावर एक कॅमेरा बसवला. तो सारखे फोटो काढी, प्रत्येक फोटोत कापसावर किती डाग आहेत ते मोजी आणि त्याची यादी संगणकाला पाठवी. मग पडद्यावर दर्जा उमटायचा. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे डागी. आधी मला त्या यंत्राचा राग होता, खोटं कशाला बोलू. पण सुमेधा माझ्याशी कधी वरच्या आवाजात बोलली नाही. तोंडाला ओढणी बांधून, चष्म्यावर बसलेली कापसाची लव पुसत ती पट्ट्याजवळ उभी राहायची आणि विचारायची, “काका, हा डाग कशाचा? पानाचा की पाण्याचा?” मी सांगायचो.

ही २०१७ सालची गोष्ट. दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीचा माल आला. पांढरा शुभ्र. यंत्र सुरळीत चाललं. दिवाळीनंतर दुसऱ्या वेचणीच्या गाड्या लागल्या आणि एका सकाळी पट्टा अचानक थांबला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळीच ओळी, मग अंधार, मग संगणक आपोआप पुन्हा सुरू. पट्टा चालू झाला. चहा पिऊन होतो तोच पुन्हा तेच.

“मशीन काहून बंद पडून राह्यली?” हिरासिंगभाऊ ऑफिसातून धावत आले. “बाहेर रोडपर्यंत गाड्या लागल्या हायेत मॅडम!”

“इशारे येताहेत,” सुमेधा म्हणाली. “कोणीतरी फार मेमरी मागतंय.”

ते ऐकून भाऊ माझ्याकडं बघायला लागले, जसं काही ती मागणी मीच केली होती.

तिनं समजावलं ते मला आजही तसंच आठवतं. प्रत्येक संगणकाच्या तळाशी एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. कोणाला किती मेमरी द्यायची ते तो ठरवतो. कोणी एकाच वेळी सलग अशी अवाच्या सवा जागा मागितली तर तो देत नाही, आणि वर इशारा छापतो की अमक्या प्रोग्रामनं अमक्या ओळीवर एवढी जागा मागितली होती. यंत्राच्या कंपनीनं ते असं लावून दिलं होतं की असा इशारा आला की धोका नको म्हणून संगणकानं स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. म्हणून पट्टा थांबत होता.

तिनं आधी मेमरीच तपासली. पट्टी काढून दुसरी घातली, तपासणीचा प्रोग्राम चालवला. मेमरी ठणठणीत. मग तिला वाटलं, कुठला तरी प्रोग्राम जागा घेतो आणि परत करत नाही. तिनं पाळत ठेवली. तर जागा मोकळीच होती, अर्ध्याहून जास्त. कंपनीनं दिवाळीत नवीन आवृत्ती पाठवली होती, तिच्यावर संशय घेऊन तिनं जुनी आवृत्ती परत बसवली. तरी इशारे तेच. प्रत्येक वेळी ती “हं” एवढंच म्हणायची आणि पुढं जायची. शेवटी ती इशाऱ्याच्या ओळी वाचत बसली आणि तिला कळलं की एवढी जागा मागणारा प्रोग्राम म्हणजे कॅमेऱ्याचा ड्रायव्हर. फोटोत जितके डाग, तितकी मोठी यादी. जितकी मोठी यादी, तितकी मोठी जागा. आणि कॅमेरा काही फोटोंत इतके डाग सांगत होता की ती यादी कर्नलच्या मर्यादेबाहेर जात होती.

“एवढे डाग असतात का हो एका फोटोत?” तिनं मला विचारलं.

मी आकडा पाहिला आणि हसलो. “मॅडम, एवढे डाग असतील तर तो कापूस नाही, खरकटं आहे.”

तिनंही ते मानलं. काच पुसली, तार बदलली. पट्ट्यावर स्वच्छ पांढरी चादर पसरून फोटो घेतला. डाग जवळपास नाहीतच. चादरीपुढं कॅमेरा शहाणा, कापसापुढं वेडा. तिनं कंपनीला फोन लावला. तिकडून क्षितिज नावाचा तरुण इंजिनीअर बोलत असे, मूळचा नागपूरचा, आवाजाला गोड. फोन स्पीकरवर होता.

“मॅडम, तो कॅमेरा कधीकधी कचरा आकडा पाठवतो. ड्रायव्हरमध्ये जिथं जागा मागितली आहे तिथं एक शब्द जोडा, म्हणजे जागा मिळाली नाही तरी कर्नल ओरडणार नाही. इशारा नाही म्हणजे संगणक बंद होणं नाही. आम्ही बाकी ठिकाणीही हेच केलंय.”

“पण आकडा का येतो ते कळल्याशिवाय?” सुमेधा म्हणाली.

“असा आकडा खरा असूच शकत नाही ना मॅडम.”

बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. हिरासिंगभाऊ दारात उभे होते. सुमेधानं तो शब्द जोडला.

त्यानंतर यंत्र असं चाललं की विचारू नका. एकदाही थांबलं नाही. पडदा हिरवा, माल उत्तम, गाड्या भराभर रिकाम्या. भाऊंनी एका संध्याकाळी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. मीही हळूहळू ढिगाच्या वरवरच हात घालून पडद्याकडं बघायला लागलो होतो. हिरवा दिसला की पुढची गाडी.

मग एके दुपारी सुमेधा काळ्या चहाचा ग्लास घेऊन पट्ट्याजवळ उभी होती. रोज उभी राहायची तशीच. मी वजनकाट्याजवळ होतो. तिची हाक आली. फार मोठी नव्हती, पण तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मी हातातलं टाकून गेलो.

“काका, पट्टा बघा. आणि मग पडदा बघा.”

पट्ट्यावरून कापूस सरकत होता. वरचा थर बरा होता, पण पट्ट्यानं तो विस्कटला की आतून पिवळा, तपकिरी, गोळे झालेला कापूस वर येत होता. कोणी पान खाऊन त्यावर थुंकलं असावं तसा. मी पडद्याकडं पाहिलं. डाग शून्य. दर्जा उत्तम. हिरवा.

तिनं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला, मागोमाग रेचेही थांबले, आणि त्या कारखान्यात दिवसाढवळ्या कधी नसते अशी शांतता झाली. मजूर बाया माना वर करून बघायला लागल्या. सुमेधानं ग्लास जमिनीवर ठेवला आणि ती संगणकापुढं बसली.

मी तिच्या मागं उभा राहिलो. तिनं ड्रायव्हरच्या ओळी वर-खाली केल्या, एका जागी थांबली आणि तिथून हललीच नाही. मग माझ्याकडं न बघता बोलली.

“जागा मिळाली नाही की हा यादी रिकामी परत देतो. चूक झाली असं सांगत नाही. नुसती रिकामी यादी. आणि पुढचा प्रोग्राम रिकामी यादी म्हणजे शून्य डाग समजतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांत खराब कापूस सगळ्यांत चांगला दिसतो. आधी निदान तो ओरडत तरी होता. आता मी त्याचं तोंड बांधलंय.”

त्या काही दिवसांत हिरव्या पडद्यावर माझ्या तोंडून पास झालेल्या गाड्या माझ्या डोळ्यांपुढून जायला लागल्या. पण सुमेधाचा चेहरा माझ्याहून पांढरा होता, आणि तो या कारणानं नव्हता. तिचं डोकं आणखी एक पायरी पुढं गेलं होतं.

“काका,” ती म्हणाली, “मग कॅमेरा खोटं बोलतच नव्हता.”

त्या दिवशी तिनं पट्टा सुरू होऊ दिला नाही. भाऊ चिडले, हात जोडले, पुन्हा चिडले. ती ऐकेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं ड्रायव्हर नव्यानं लिहिला. पूर्ण यादीसाठी एकच सलग मोठी जागा मागायची नाही, लहान लहान तुकडे मागायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. “पूर्ण गोडाऊन एकदम मागितलं तर कोणी देत नाही, खोली खोली करून मागितलं तर मिळतं,” असं ती मला म्हणाली. आणि तरीही जागा मिळालीच नाही तर पडद्यावर दर्जा उमटायचाच नाही, काळा राहायचा, हेही तिनं त्यात घातलं. तो गप्प करणारा शब्द तिनं काढून टाकला.

पण आकडे खरे कशावरून? तिनं कॅमेऱ्याखाली कापसाचा एक पातळ थर पसरून फोटो घेतला, मग तोच थर जसाच्या तसा गोणपाटावर घेऊन कापसातला कचरा वेचणाऱ्या मजूर बायांपुढं ठेवला. मथुराबाई त्यांची मुकादम. आठ-दहा बाया गोल बसल्या आणि बोटांनी डाग मोजायला लागल्या. यंत्राचा आकडा सुमेधानं कोणालाच सांगितला नव्हता. मोजून झालं, बेरीज झाली. थोडाफार फरक सोडला तर आकडा तोच.

आम्ही त्या आकड्याकडं बघतच होतो तेवढ्यात मथुराबाई ओरडली, “अवं बाई, हे काय वो? चालून राह्यलं पाहा!”

तिच्या तळहातावर एक अळी होती. तांदळापेक्षा थोडी मोठी, गुलाबी.

मी ती ओळखली आणि मला तिचं नाव उच्चारवेना. बीटीचं बियाणं आल्यापासून आमच्या भागात ते नाव कोणी घेतलं नव्हतं. जिच्यापासून वाचायला सगळ्यांनी ते बियाणं पेरलं होतं, ती बोंडअळी. कापसाचा पिवळेपणा आम्ही सगळ्यांनी परतीच्या पावसावर घातला होता. शेतकऱ्यांनीही, मीही. कोणी एकानंही बोंड फोडून आत पाहिलं नव्हतं.

थांबवलेल्या पट्ट्यावरचा तो माल पुंडलिकराव ठाकरे यांचा होता. दारव्ह्याजवळच्या गावचे, चांगली जमीन, नीटनेटका माणूस, धोतर-टोपी कायम स्वच्छ. आदल्या दिवसापासून ते आवारात अडकून पडले होते आणि आता झाडाखाली शिदोरी सोडून बसले होते. सुमेधा अळी कागदावर घेऊन त्यांच्याकडं गेली. मी सोबत.

“पुंडलिकराव, तुमच्या कापसात ही निघाली.”

त्यांनी पाहिलं आणि हसले. “माह्या मालात? नाई जी. बीटी हाय ते. दुसऱ्याच्या गाडीतली आली असन.”

“पट्ट्यावर फक्त तुमचाच माल होता.”

त्यांचं हसू गेलं. भाकर फडक्यात गुंडाळली आणि ते उठले. “मॅडम, तुमी शहरातल्या हाय. तुमच्या मशीनले काय समजते? माह्या वावरात चला. डोक्याइतकी पऱ्हाटी उभी हाय, बोंडांनी लदलेली. डोळ्यानं पाहा आन् मंग बोला.”

त्यांच्याच गाडीत बसून आम्ही गेलो. वावर खरोखर बघण्यासारखं होतं. हिरवंगार, फांद्या बोंडांच्या भारानं वाकलेल्या. पुंडलिकरावांच्या पत्नी कोकिळाबाई तुरीच्या तासात शेंगा तोडत होत्या. आम्हाला बघून त्या पदर सावरत पुढं आल्या.

“यायले आपलं वावर दाखवाले आणलं,” पुंडलिकराव म्हणाले. “पाहा मॅडम. दिसते काही?”

“एक बोंड फोडता का?” सुमेधा म्हणाली.

त्यांनी जवळच्या झाडाचं एक भरदार हिरवं बोंड तोडलं आणि अंगठ्यानं दाबून फोडलं. आत पांढऱ्या कापसाऐवजी ओला तपकिरी लगदा होता, आणि त्यात गुलाबी अळी. ऊन लागताच ती वळवळली.

पुंडलिकरावांनी बोंड टाकलं. दुसरं तोडलं. फोडलं. त्यातही. तिसरं त्यांनी दोन ओळी सोडून आत जाऊन तोडलं. मग ते वावरात आत आत जात राहिले. आम्हाला ते दिसत नव्हते, फक्त कापसाची पऱ्हाटी हलताना दिसत होती आणि बोंडं फुटल्याचा कट कट आवाज येत होता.

सुमेधानं हात पुढं केला आणि एक बोंड तोडलं. तिला ते फोडता येईना, बोटं घसरत होती. कोकिळाबाईंनी तिच्या हातातून घेऊन फोडून परत दिलं. सुमेधानं त्यात पाहिलं आणि ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तशीच खाली बसली. बोंड तिच्या हातात उघडं होतं.

“बाहेरून काहीच दिसत नाही,” ती म्हणाली. “काहीच दिसत नाही हो बाहेरून.”

“फवारलं होतं ना आमी,” कोकिळाबाई म्हणाल्या. त्या कोणाशी बोलत होत्या कळेना. “एवढा जहर मारला. माणसं दवाखान्यात गेले यंदा फवारून फवारून. थे आतमंदी बसली होती आन् आमी वरून मारून राह्यलो.”

पुंडलिकराव परत आले तेव्हा त्यांची टोपी कुठंतरी पडली होती. हात हिरवे, चिकट. ते सुमेधासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी वाईट बोलणार. ते एवढंच बोलले, “मॅडम, तुमची मशीन कवापासून सांगून राह्यली होती?”

“दिवाळीनंतर लगेच,” सुमेधा म्हणाली. “मी तिला गप्प केलं होतं.”

त्यांना त्याचा अर्थ पूर्ण कळला की नाही मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि कोकिळाबाईंना म्हणाले, “पाणी दे यायले.”

परतल्यावर आम्ही हिरासिंगभाऊंना सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “हे आकडे पडद्यावर लोकायनं पाह्यले तं माल दुसरीकडं नेतीन. मॅडम, थे पह्यलंच राहू द्या ना. मशीन चालते, झालं.”

“भाऊ, तुमचंही वावर आहे ना? उद्या सकाळी त्यातली बोंडं आणा. मग सांगा, मी काय करू.”

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतः जीपमध्ये टोपलंभर हिरवी बोंडं आणली. आवारात गाड्या घेऊन आलेले शेतकरी होते, त्यांनाही निरोप गेला होता. कोणी पिशवीत, कोणी धोतराच्या सोग्यात बोंडं आणली होती. मथुराबाईनं गोणपाट अंथरलं. भाऊंनी पहिलं बोंड फोडलं. मग दुसरं. तिसऱ्याला त्यांच्या तोंडून “याडी वो!” असा आवाज निघाला. त्यांच्या बोलीत आईला अशीच हाक मारतात. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी आपल्या आईच्या नावानं ओरडताना ऐकलं नव्हतं. मग सगळेच खाली बसून आपापली बोंडं फोडायला लागले. ज्याचं चांगलं निघेल तो वर धरायचा, सगळे बघायचे, आणि पुढच्यात पुन्हा अळी. थोड्या वेळानं कोणी वर धरेनासं झालं. एवढी माणसं आवारात होती, पण आवाज फक्त बोंडांचा.

“चालू राहू द्या मशीन,” भाऊ उठता उठता म्हणाले. “जे हाय थे दिसू द्या.”

त्याच दुपारी सुमेधानं क्षितिजला फोन केला. दुरुस्त केलेला ड्रायव्हर तिनं आधीच पाठवला होता. त्यानं ऐकून घेतलं. शून्य डागांचं कळलं तेव्हा तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मग तिनं अळीचं सांगितलं.

“क्षितिज, हा गप्प करायचा शब्द तू आणखी किती ठिकाणी सांगितला होतास?”

उत्तर लिहून घ्यायला तिनं कागद पुढं ओढला.

“सांग,” ती म्हणाली.

“जिथं जिथं यंत्र बसवलंय तिथं सगळीकडे, मॅडम. दिवाळीनंतर सगळीकडूनच फोन येत होते. मला वाटलं आमच्या कॅमेऱ्यातच दोष आहे.”

सुमेधानं फोन टेबलावर ठेवला. मग मला म्हणाली, “काका, सगळीकडे एकाच वेळी. आणि सगळीकडे हिरवं.”

कंपनीचे वरिष्ठ मानायला तयार नव्हते. सुमेधानं आमच्याकडचे फोटो, मथुराबाईंची मोजणी, पुंडलिकरावांच्या वावरातली बोंडं, सगळं त्यांच्यापुढं ठेवलं आणि रोज फोन करत राहिली. ती चिडून बोलत नसे. एकच विचारी, “आज बदललं का?” शेवटी त्यांनी दुरुस्ती सगळ्या यंत्रांवर चढवली. नंतर क्षितिजनं सांगितलं, पुढल्या एकाच दिवसात जिथं जिथं यंत्र होतं तिथले पडदे लाल झाले होते. काही मालकांनी कंपनीवर खोटं यंत्र विकल्याची तक्रार केली. तोपर्यंत शेतीखात्याची माणसंही वावरावावरांतून फिरायला लागली होती, पेपरात रोज बोंडअळीचे फोटो येत होते. आमच्या यंत्राचं नाव त्यात कुठं आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. अळी यंत्रामुळं आली नव्हती, आणि यंत्रानं वेळेवर सांगितलं असतं तरी त्या हंगामातली बोंडं वाचणार नव्हती. सुमेधाला हे मी अनेकदा सांगितलं. ती ऐकून घ्यायची.

“वाचली नसती,” एकदा ती म्हणाली, “पण लोकांनी शेवटचे फवारे मारले नसते काका. ते तर माणसांना लागत होते.”



पुंडलिकरावांनी उभी पऱ्हाटी हंगाम संपायच्या आतच उपटली. अर्धं गाव बघायला जमलं होतं. हिरव्या झाडावर बोंडं असताना ते मुळासकट उपटताना कोणी पाहिलं नव्हतं. कोकिळाबाई घराबाहेर आल्या नाहीत. ढीग लावून पेटवला तेव्हा ओल्या बोंडांचा धूर दोन दिवस निघत राहिला. मग त्या रानात त्यांनी हरभरा पेरला, आणि तो बरा झाला.

सुमेधा पुण्याला परत गेली नाही. वडील दोन वर्षांनी गेले, तरीही नाही. दरवर्षी पिकाला फुलं लागली की ती आजूबाजूच्या गावांत जाऊन बोंडं फोडून बघते आणि लोकांना बघायला लावते. लोक तिला अजूनही ड्रायव्हर मॅडमच म्हणतात.

त्या बोंडअळीच्या हिवाळ्यात क्षितिज एकदा दारव्ह्याला आला होता. त्याला यंत्र बघायचं होतं, नवीन ड्रायव्हर कसा चालतो ते. सुमेधानं त्याला यंत्रापाशी नेलंच नाही. रस्त्याकडेच्या एका वावरात पऱ्हाटी अजून उभी होती. तिथं त्याला घेऊन गेली, एक बोंड तोडलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

“छान आहे की,” तो म्हणाला. “भरलेलं वाटतं.”

“फोड.”

त्यालाही ते लवकर फुटेना. फुटलं तेव्हा तो दोन पावलं मागं सरकला, पण बोंड त्यानं टाकलं नाही. उघडा तळहात धरून तसाच उभा राहिला. अळी त्याच्या बोटावर चढली तरी त्यानं हात झटकला नाही. मी रस्त्यावर जीपला टेकून उभा होतो. त्याच्या यवतमाळच्या गाडीची वेळ होत आली होती, पण मला त्यांना हाक मारवेना.